प्रेक्षणीय स्थळं: पाववालीची यादी

नगरपालिकेतली सिरा म्हणाली,
बाई, तुम्ही रोज फिरता, तुम्हीच लिहून द्या
लामेयाच्या खोऱ्यात पाहण्यासारखं काय काय आहे.
रोज नाही फिरत. मंगळवार, गुरुवार, शनिवार.
पण लिहिते. गाडीत पिठाने मळलेली वही आहे,
तिच्यातच, उधारीच्या मागच्या पानावर.

एक, पूल.
तुम्ही त्याला रोमन म्हणणार. म्हणा.
बांधला शुआकोच्या आजोबाने, दोन बैल आणि एक मेहुणा घेऊन,
आणि कमानीखाली नाव कोरलं ते मेहुण्याचं,
कारण पैसे त्याचे होते.
वाचायचं असेल तर ऑगस्टात या,
पाणी घोट्याएवढं असतं तेव्हा.

सांता एउलालियाचं चर्च.
किल्ली एतेलविनाकडे, वीतभर लांब, एप्रनच्या खिशात.
ती आधी विचारते, कुणाचे तुम्ही?
उत्तर आवडलं तर सफरचंदाची दारू पाजते,
हात उंच करून, वरून धार सोडत, अर्धी जमिनीवर.
किल्लीचं मग तिच्याही लक्षात राहत नाही, तुमच्याही.

धबधब्याबद्दल लिहीत नाही.
कान असतील तर सापडेल.

ब्रान्याच्या वाटेवर धान्याची कोठी,
चार दगडी खांबांवर उभी,
खांबांच्या माथ्यावर चपटे दगड, उंदरांनी वर चढू नये म्हणून.
धान्य संपलं. माद्रिदच्या एका माणसाने
आत पलंग टाकलाय, रात्रीचे नव्वद युरो घेतो.
उंदीर अजून खालीच थांबतात, सवयीने.

खाणीचं तोंड विटांनी बुजवलंय.
एका फटीतून भर जुलैत गार वारा येतो.
ओबिदिओ तिथे खुर्ची टाकून बसतो दुपारभर,
पाठ विटांना लावून.
मी त्याला अर्धा पाव देते.
पैसे मांडून ठेवते, मागत नाही.

आणि खिळे.
हे सिराला चालणार नाही, तरी लिहिते.
प्रत्येक दाराला एक खिळा असतो, पावाची पिशवी अडकवायला.
मी गाडी घेतली तेव्हा एक्केचाळीस होते.
कुठला सैल, कुठला गंजका, कुठल्या खिळ्याला
हात लावायच्या आधीच कुत्रं भुंकतं, हे मला अंधारात कळतं.

कास्तान्येदोला सेल्सोचा खिळा, निळ्या दाराचा.
नोव्हेंबरात गुरुवारची पिशवी शनिवारी तशीच.
मी चिडले.
वाटलं, हिहोनला लेकीकडे गेला असणार,
माणसाला सांगून जायची रीत म्हणून नाही.
दुसरी पिशवी पहिलीवर अडकवली
आणि गाडी वळवली.

धुराड्यातून धूर नव्हता.
तो मी पाहिला होता, म्हणजे
नव्हता हे पाहिलं होतं.

आता उतरते. दार ठोठावते.
आतून शिवी आली तरी चालेल, काहीतरी आलं की निघते.
पेन्यारुबियाला पाव पोचतो अकराला,
तिथल्या बायका कुरकुरतात, त्यांचं बरोबर आहे.

मे महिन्यात फलक लागला.
पाच स्थळं, छान रंगीत. पूल रोमन.
धबधब्याचं चित्र दुसऱ्याच कुठल्या तरी धबधब्याचं.
वाहनतळावर लाल ठिपका: तुम्ही येथे आहात.

काल एका पाहुणीने हात करून गाडी थांबवली.
पाठीवर पिशवी, नाक उन्हाने सोललेलं.
पाचही पाहून झाली, म्हणाली,
पण इथे राहतं कोण?

मी म्हटलं, थांबा,
आणि वही काढली, पुढच्या बाजूने उघडली
आणि आहे तसं वाचलं:

एतेलविना, दोन.
ओबिदिओ, अर्धा.
सेल्सो, एक.
ब्रान्याच्या जुळ्या बहिणी, मिळून एक,
पण दोन पिशव्यांत, कारण बोलत नाहीत.
शुआको, एक, बिनमिठाचा,
जरा जास्त भाजलेला.